गाण्याचं जोतं

हे लिहायला बसलो हाच थोडा आगाऊपणा आहे, म्हणून आधीच माफी मागतो. मला संगीतातलं कळत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिता येणाऱ्या माणसाने काय लिहावं आणि काय सोडून द्यावं, हे सांगणारंही घरी कुणी नाही. काकांबरोबर (नात्याने नव्हेत, सगळेच त्यांना काका म्हणत) ज्यांनी स्टुडिओत वाजवलं त्यांच्यापैकी कुणी हे लिहिलं असतं, तर मी गुपचूप वाचलं असतं. पण तसं काही माझ्या पाहण्यात आलं नाही. आणि बदलापूरच्या त्या कार्यक्रमात बाकीचे समोर बसले होते किंवा आपापल्या वाद्यांपाशी होते. स्टेजवर काकूंच्या शेजारी मी एकटाच उभा होतो. तेवढ्या एका हक्काने लिहितो आहे.

काकांचं नाव इथे देत नाही, कारण त्यांनीच तसं बजावलं होतं. मी परिचयासाठी पूर्ण नाव विचारलं तेव्हा म्हणाले, "तबकडीवर आलं नाही, सिनेमाच्या पाट्यांत आलं नाही. आता तू कशाला घालतोस? नुसतं 'डबल बेस' म्हण. लोकांना वाद्य दिसेलच."

वाद्य दिसायचंच. व्हायोलिन माणसाहून उंच वाढलं आणि कुशीत घेता येईना म्हणून जमिनीवर उभं केलं, तर जसं दिसेल तसं. जुन्या हिंदी गाण्यांच्या काळात काका मुंबईच्या स्टुडिओंत ते वाजवत. पुढे कीबोर्ड आले, तसं हे काम बोटाखालच्या एका कळीवर होऊ लागलं आणि काका घरी बसले.

घर म्हणजे उल्हासनगर कॅम्प चारमध्ये एका बटणांच्या दुकानावरची खोली. आजूबाजूला सगळे जीन्स शिवणारे. त्यांच्यातल्याच एकाने काकांना डबल बेसची खोळ शिवून दिली होती, जीन्सच्याच कापडाची. शिवणाऱ्याचा हात सवयीने गेला असणार, कारण खोळीला मागे दोन खिसेही होते. एका खिशात काका गजाला लावायची राळ ठेवत आणि दुसऱ्यात खारे शेंगदाणे. कधीकधी खिसे चुकत. राळेच्या गोळ्याला शेंगदाण्याची सालं चिकटलेली मी स्वतः पाहिली आहेत.

काका कुठेही गेले की आधी जमीन वाजवत. चप्पल काढायची, उजवी टाच जमिनीवर आपटायची आणि मान तिरकी करून ऐकायचं. बँकेत, दवाखान्यात, कुणाच्या साखरपुड्यात, आमच्या विहारात. डबल बेसच्या खालचा लोखंडी दांडा जमिनीवर टेकतो, तेव्हा जमीन कशी आहे हे आधी बघावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. पण बँकेत ते डबल बेस घेऊन थोडेच जात होते! काकू म्हणायच्या, "लोकांकडं पावणे म्हणून जात्यात आणि त्यांच्या फरश्या वाजवत्यात."

आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा आईने पाण्याचा तांब्या पुढे केला, तर काका पलंगापाशी टाच आपटत उभे. "इथे खाली पोकळ आहे," असं गंभीरपणे म्हणाले. वडील आनंदनगरच्या कंपनीत कामाला. रविवारी त्यांनी पलंग सरकवून लादी उचकटली. खाली घट्ट मुरूम. मी काकांना जाऊन सांगितलं, तर जराही न वरमता म्हणाले, "मग पलंग पोकळ असेल." ती लादी पुन्हा नीट बसलीच नाही. आई अजून झाडताना म्हणते, "ही बघ, तुझ्या काकांची आठवण."

चांगल्या गोष्टीला त्यांच्याकडे एकच शब्द होता, बसलं. चहा बसला. शर्ट बसला. फलाण्याच्या मुलीचं लग्न बसलं. जे आवडलं नाही ते उडालं. आम्ही ऑर्केस्ट्रावाले एकदा काकांनाही घेऊन बारवी धरणावर सहलीला गेलो होतो. बाकीचे पाण्याचे फोटो काढत होते आणि काका भिंतीच्या कडेला टाच आपटून उभे होते. मग हात जोडले. "बसलंय," म्हणाले. "ज्यांनी पाया घातला, त्यांची नावं असतील का रे कुठे?"

आमचा ऑर्केस्ट्रा म्हणजे पडदा उघडला की काळे कोट घातलेले लोक दिसतात, त्यातला नव्हे. गणपती, नवरात्र, जयंती, हळद, जिथे बोलावतील तिथे आम्ही जात असू. शेखरदादा कीबोर्ड वाजवायचा आणि तोच मालक. दिवसा तोही आनंदनगरला कंपनीत. एक ढोलकीवाला, एक ऑक्टोपॅडवाला, दोन गाणारे. आणि निवेदक मी. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत मला बक्षीस मिळालं होतं, एवढ्यावर शेखरदादाने मला घेतलं. वडील कधी विचारायचे, "तू नक्की करतोस काय तिथे? गात नाहीस, वाजवत नाहीस." मला नीट सांगता यायचं नाही. कॉलेजात काय करतो हेही नीट सांगता यायचं नाही.

बदलापूरच्या एका वसाहतीने जयंतीच्या कार्यक्रमाला आम्हाला बोलावलं, तेव्हा शेखरदादाच्या डोक्यात आलं की पाहुणे कलाकार म्हणून काकांना आणायचं. त्याने त्यांना आधी दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा काका नाही म्हणाले होते. या वेळी त्याने मला पाठवलं. "तू शुद्ध बोलतोस, तुला नाही म्हणणार नाहीत."

मी गेलो तेव्हा काका वाजवत होते. आणि खाली दुकानातून बटणवाले शेठ ओरडत होते, "काका, वो वाला! वो वाला फिर से!"

काकू हसल्या. "खालचे शेठ पयले भांडायला आले होते. म्हणाले, तुमच्या बाज्यानं माझी बटनं नाचतात. हे गेले खाली बघायला. तेव्हापासून दोघं मिळून खेळतायत."

खेळ असा होता. पत्र्याच्या डब्यांत बटणं भरलेली. काका वर एकेक स्वर वाजवत आणि कुठल्या स्वराला कुठला डबा थरथरतो ते शेठ खालून सांगत. "पीतल वाले हिल रहे हैं काका! प्लास्टिक वाले सो रहे हैं!"

मी कार्यक्रमाचं सांगितलं. काकांनी मान हलवली, म्हणजे नकार. मग कोपऱ्यातल्या छोट्या रेडिओवर एक जुनं हिंदी गाणं लागलं, झोपाळ्यावरचं. काकूंच्या आवडीचं. त्यांनी आवाज वाढवला. काका एकदम पुढे वाकले, रेडिओला कान लावला, काकूंचा हात धरून रेडिओच्या पाठीवर ठेवला. "हे बघ, आता येतोय मी. आता... हे, हे... गेलं."

"काय गेलं?" काकू म्हणाल्या.

"मी गेलो."

काकूंनी हात काढून घेतला आणि त्या माझ्याकडे वळल्या. "लग्न झाल्यापासून हेच चाललंय बघ. 'ह्या गाण्यात मी आहे, त्या गाण्यात मी आहे.' मला तर बाई कुठं सापडले नायत. घरात वाजवत्यात ते नुसतं घुं घुं. गाण्यात ते कुठं येतं? माझ्या माहेरी, मुरबाडकडं, माझा भाऊ म्हणायचा, दाजी वाजवल्यासारखं करत असतील, मागं उभं राहून. मी काय सांगू त्याला? मलाच ऐकू येत नाय."

त्या हसत हसत बोलत होत्या. काका हसत नव्हते. मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं की ही जुनी थट्टा त्यांना दर वेळी लागत होती. छोट्या रेडिओतून तेवढा खालचा आवाज बाहेरच येत नाही. स्टुडिओत घरच्यांना नेता येत नसे. इतकी गाणी वाजवली, आणि जिला ऐकवायची तिला एकातही ते सापडले नव्हते.

खिडकीकडे बघत ते म्हणाले, "बदलापूरला बेसचे मोठे खोके असतात का रे, स्पीकरचे?"

"असतात काका."

"मग येतो. एकच अट. हिला ऐकू गेलं पाहिजे."

तालमीला आले ते टाच आपटतच. काकांना गाण्यांचे शब्द येत नसत, हे मला तिथे कळलं. चालही धड येत नसे. त्यांना गाणं खालच्या बाजूने माहीत होतं. ते गुणगुणायचे, "डुम्... डुम्, डुम्..." आणि विचारायचे, "ओळखा." आम्ही कुणीही कधीही एकही गाणं ओळखू शकलो नाही. काकांना याचं दर वेळी खरंच नवल वाटायचं. "अरे, एवढं सरळ आहे! गाणं म्हणजे घर. गाणारे भिंती, व्हायोलिनं खिडक्या. आपण जोतं. घर बघायला येणारा जोतं बघत नाही, ठीक आहे. पण तुम्ही तर राहता ना घरात?"

त्यांनी ठरवलं ते झोपाळ्याचं गाणं. आधी एकट्याने गाण्याचा खालचा भाग पूर्ण वाजवायचा, सोबत कुणी नाही. मग तोच भाग पुन्हा, आणि त्याच्यावर गाणं. "आधी जोतं दाखवतो," ते म्हणाले, "मग त्यावर घर ठेवा."

अडचण शेखरदादाची होती. कीबोर्डवर बेस वाजवायचा तो डाव्या हाताने, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तो हात आपोआप चालायचा. काका थांबत. "तुझा डावा हात माझ्या जागेवर बसतोय." शेखरदादा माफी मागे आणि पुन्हा तेच होई. शेवटी काका म्हणाले, "खिशात घाल." पुढची सगळी तालीम शेखरदादाने डावा हात पँटच्या खिशात घालून केली.

कार्यक्रमाच्या दिवशी टेम्पोत मागे डबल बेस आडवा, त्याच्याजवळ काका, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी काकू नवी साडी नेसून. बटणवाले शेठही दुकान लवकर बंद करून आले होते. मैदानात डेकोरेटरने फळ्यांचं स्टेज बांधलं होतं, वर लाल कार्पेट. काकांनी चप्पल काढली, टाच आपटली आणि तिथेच थबकले. पुन्हा आपटली. दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा.

"ओ काका, नाचू नका वर, नुसत्या फळ्या आहेत!" डेकोरेटरचा माणूस ओरडला.

"नुसत्या?" काका म्हणाले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. "अरे, हे स्टेज नाही, हे वाद्य आहे. आमच्या स्टुडिओत सगळं सिमेंट होतं." मग त्यांनी हट्टाने एका बाजूचं कार्पेट गुंडाळायला लावलं. डेकोरेटरचा माणूस पुटपुटत गुंडाळत होता, "शोभा घालवली सगळी."

आता ती चूक सांगतो. साउंडवाला पप्पू कामात हुशार होता, पण त्याने डबल बेस कधी पाहिला नव्हता. पाहुणे कलाकार म्हटल्यावर त्याने पाहुण्यांच्या तोंडासमोर माइक लावला, जसा सगळ्या पाहुण्यांना लावतो. काकांनी तो पाहिला आणि तसाच राहू दिला. स्टुडिओत माइक लावणारा वेगळा असायचा आणि त्याने लावलेल्या माइकला वाजवणाऱ्याने हात लावायचा नाही, ही त्यांची जुनी शिस्त. आम्हाला वाटलं, काकांना माहीत असेल. काकांना वाटलं, पप्पूला माहीत असेल.

प्रतिमेला हार घातला, मेणबत्त्या लावल्या, त्रिसरण-पंचशील झालं. प्रतिमा स्टेजवरच होती म्हणून वर येणारा प्रत्येक जण चपला खाली काढून येत होता. मग सत्कार. आमच्याकडे पाहुण्यांचा सत्कार सपत्नीक करतात, म्हणून मी काकूंना वर बोलावलं. त्या शाल आणि नारळ सावरत उभ्या राहिल्या. आता त्यांनी खाली जाऊन पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसायचं होतं. पण तेवढ्यात कुणी पुढारी आपल्या माणसांसकट आले आणि पायऱ्या भरून गेल्या.

"काकू, थांबा जरा, मी वाट करून देतो."

"नको रे बाबा. त्या गर्दीत कुठं घुसू? इथंच उभी राहते तुझ्याजवळ."

आम्ही दोघं स्टेजच्या कडेला, गुंडाळलेल्या कार्पेटच्या बाजूला होतो. मी परिचय करून दिला. बरीच विशेषणं पाठ केली होती, पण काकांकडे बघितलं आणि एवढंच म्हणालो, "डबल बेस." काका पुढे झाले. आयुष्यात पहिल्यांदा ते सगळ्यांच्या पुढे उभे होते. शेखरदादाने डावा हात पाठीमागे नेला.

काकांनी वाजवायला सुरुवात केली आणि मैदानात काहीच ऐकू आलं नाही.

लोकांना दिसत होतं ते एवढंच. एक म्हातारा माणूस एका मोठ्या लाकडी खोक्याला मिठी मारून तारा ओढतो आहे. माइक त्याच्या तोंडासमोर, आणि तोंड मिटलेलं. मग मागून आवाज आला, "काका, चार्जिंग संपलं काय?" हशा पिकला. "बाजा चालू करा की ओ!" "पप्पू, काका को फ्यूज लगा!" काकूंच्या भावाचं बोलणं आठवलं, वाजवल्यासारखं करत असतील. आणि आता ते काकूंच्या देखत, सगळ्या वसाहतीसमोर खरं ठरत होतं.

मी काकूंकडे पाहायला घाबरत होतो. पाहिलं तर त्या खाली बघत होत्या, स्वतःच्या पायांकडे. पायावर मुंगी चढल्यासारखा त्यांनी एक पाय उचलला. तो ठेवून दुसरा उचलला. मग दोन्ही पाय फळीवर घट्ट रोवले.

"रे," त्या हळूच म्हणाल्या, "हे खालून काय येतंय?"

मला काही कळेना. मी पायमोज्यांवर कार्पेटवर उभा होतो.

"मोजे काढ. इथं ये. इथं उभा राहा."

मी मोजे काढून उघड्या फळीवर पाय ठेवला. हे कसं सांगावं ते मला खरंच कळत नाही. आवाज कानात येतो एवढंच मला तोवर माहीत होतं. हा टाचेतून आला, गुडघ्यात भरला, पोटात येऊन थांबला. डुम्... डुम्, डुम्... आणि मग बराच वेळ काही नाही, आणि पुन्हा डुम्. सगळं स्टेज वाजत होतं. मैदान हसत होतं आणि आमच्या पायाखाली एक अख्खं गाणं चाललं होतं, फक्त आम्हा दोघांसाठी.

काका मान खाली घालून वाजवत होते. थांबले नाहीत. पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या.

मग काकू निघाल्या. शाल खांद्यावर, नारळ हातात, अनवाणी. ज्यांनी आयुष्यात कधी माइक हातात घेतला नव्हता, त्या सरळ काकांच्या तोंडासमोरच्या माइकशी जाऊन उभ्या राहिल्या.

"ओरडू नका," त्या म्हणाल्या. आवाज सगळ्या मैदानात घुमला, त्या स्वतःच दचकल्या. मग काकांकडे बघून म्हणाल्या, "वाजतंय. मला ऐकू येतंय."

शेखरदादाच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. पाठीमागचा डावा हात त्याने शेवटी बाहेर काढला, खांद्यावरचा नॅपकिन माइकला गुंडाळला आणि तो माइक वाद्याच्या तारा उचलून धरणाऱ्या घोडीखाली, तारांच्या मागे कोंबला. पप्पूने खोक्यांचा आवाज चढवला.

आणि मग तो आवाज सगळ्यांपर्यंत पोहोचला. पहिल्या रांगेतल्या लोकांनी नकळत छातीवर हात ठेवले. मंडपाचे पत्रे बारीक थरथरू लागले. बटणवाले शेठ उभे राहून शेजारच्या माणसाला सांगत होते, "बोला था ना! बोला था ना मैंने!" चेष्टा करणारी पोरं तशीच तोंड उघडी ठेवून बसली. काकांनी पहिल्यापासून पुन्हा सगळं वाजवलं, एकट्याने. कुणाला गाणं ओळखता आलं नाही. मग त्यांनी मान हलवली, ढोलकी आली, आणि आमच्या गायिकेने झोपाळ्याच्या गाण्याची पहिली ओळ त्यावर अलगद ठेवली.

मैदानातून एक मोठा "अरे!" उमटला. सगळ्यांना एकदमच कळलं की हे गाणं मघापासून इथेच होतं.

काकू पुन्हा माझ्याजवळ येऊन उभ्या होत्या, पाय फळीवर. रेडिओवर असंख्य वेळा ऐकलेलं गाणं वरून चाललं होतं आणि त्या ऐकत होत्या खालचं. "ह्यात होते व्हय?" त्या म्हणाल्या. मला नव्हे, कुणालाच नव्हे. "ह्या गाण्यात एवढा वेळ इथं होते?" त्यांनी डोळे पुसले नाहीत, हातात नारळ होता.

गाणं संपलं. टाळ्या चालू असताना काकांनी प्रेक्षकांकडे बघितलंच नाही. आमच्या बाजूला वळून त्यांनी फक्त भुवया उंचावल्या.

"बसलं," काकू म्हणाल्या.

वन्समोअरचा गजर झाला. शेखरदादाने विनवलं. काका खोळीची चेन लावत म्हणाले, "एका घराला जोतं एकदाच घालतात."

त्यानंतर ते कुठे वाजवायला गेले नाहीत. मी अधूनमधून कॅम्प चारला जात असे. खालून शेठची हाक ऐकू यायची आणि वरून तो आवाज. मग एम.ए.साठी मी औरंगाबादच्या होस्टेलवर आलो. नंबर बदलला. सुटीत घरी गेलो की परीक्षेचं काहीतरी असायचं.

परवा शेखरदादाने कुठूनतरी माझा नंबर मिळवून फोन केला. काका गेले होते. बातमी जुनी होती, माझ्यापर्यंत येता येता फार उशीर झाला होता. काही बोलायचं म्हणून मी काकूंचं विचारलं.

"बऱ्या आहेत रे. तिथेच राहतात. डबल बेस तसाच उभा आहे खोळीत. पण शेठ म्हणतात, दिवसभर काहीतरी गुणगुणत असतात. 'माई गाती है, पर गाना पहचान में नहीं आता.' मी गेलो तेव्हा मीही ऐकलं. मलाही काही ओळखता आलं नाही."

"कसं गुणगुणतात?"

शेखरदादाने फोनवर करून दाखवलं. डुम्... डुम्, डुम्... मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कटला. मग पुन्हा, डुम्.

"कळलं का काही?" तो म्हणाला.

मी होस्टेलच्या जिन्यात उभा होतो. मला पहिल्यांदाच ओळखता आलं. मी त्याला गाण्याचं नाव सांगितलं.